उघाडीवरचं गाव

मंडळी, नमस्कार.

वाचनालयाच्या कार्यकर्त्यांनी मला 'परदेशात पाहिलेलं एक ठिकाण' या विषयावर बोलायला सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात लंडनचा पूल नाहीतर राजवाडा असणार. मी निवडलेल्या ठिकाणी यातलं काहीच नाही. नॉर्फक परगण्यात, डाउनहॅम वेस्ट नावाच्या ग्रामहद्दीत, नदीच्या बांधाच्या कुशीत मोजकी घरं आहेत. त्याला गाव म्हणायला जीभ अडखळते, वाडी म्हणू. नाव सॉल्टर्स लोड. तिथे एक लॉक आहे, आणि लॉक आहे म्हणून वाडी आहे. मुलीकडे केंब्रिजला दोन महिने राहिलो, त्यात तिथे तीनदा गेलो. तिसऱ्यांदा निघालो तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, निवृत्त होऊनही तुमची साइट-व्हिजिट काही सुटत नाही." खरं आहे. माझा जन्म खारबंदिस्तीच्या कामांत गेला: बांध, उघाडी, खांडी म्हणजे बांधाला पडलेली भगदाडं, आणि खांडीनंतरच्या चौकश्या. माणसाला आपल्या धंद्याचं दुसऱ्याच्या गावात काही दिसलं की पाय आपोआप वळतात.

केंब्रिजहून किंग्ज लिनकडे जाणारी गाडी धरायची. ईली गेलं की खिडकीबाहेर जमीन काळी कुळकुळीत होते, आपल्या कापसाच्या रानापेक्षाही काळी, आणि इतकी सपाट की नजर थांबवायला क्षितिजावर एखादं चर्च असेल तेवढंच. गाडी नदीशेजारून धावते आणि आपण चक्रावतो, कारण नदी खाली असायला हवी ती वर आहे. शेत खाली, बांध वर, आणि बांधापलीकडे त्याहून वर पाणी. लांबून एखादी होडी जाताना दिसते ती बटाट्याच्या शेतावरून सरकल्यासारखी. डाउनहॅम मार्केटला उतरलं, पूल ओलांडला आणि पश्चिमेच्या बांधावरून नदीच्या वरच्या अंगाला चालत सुटलं की पाऊण-एक तासात सॉल्टर्स लोड.

आता लॉक म्हणजे काय ते सांगतो. कुलपाशी त्याचा संबंध एवढाच की दार बंद होतं. दोन पाण्यांची पातळी वेगळी असेल तर मधे एक हौद बांधतात, दोन्ही टोकांना दारं. होडी हौदात घ्यायची, मागचं दार लावायचं, हौदातलं पाणी पुढच्या पाण्याच्या पातळीला आणायचं आणि पुढचं दार उघडायचं. इंग्लंडात अशी लॉक शेकड्यांनी आहेत. बहुतेक ठिकाणी एक बाजू कायम वर आणि दुसरी कायम खाली असते. सॉल्टर्स लोडची गंमत अशी की वरची बाजू कोणती हे दिवसातून चारदा बदलतं. आतल्या अंगाला वेल क्रीक नावाचा शांत ओढा, बाहेरच्या अंगाला ग्रेट ऊझ नदी, आणि तिला थेट समुद्राची भरती. भरतीला बाहेरचं पाणी वर, ओहोटीला आतलं. म्हणजे दारांनी दोन्हीकडून रेटा सोसला पाहिजे.

तुम्ही खारेपाटातली माणसं. तुम्हांला उघाडी काय असते हे सांगणं म्हणजे कोळ्याला पोहायला शिकवणं. पण हे बोलणं पुढे छापलं जाणार आहे, म्हणून दूरच्या वाचकांसाठी सांगतो. खाडीकाठच्या शेताला बांध घातला की पावसाचं पाणी आत अडतं. ते ओहोटीला बाहेर जाऊ द्यायचं आणि भरतीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, यासाठी बांधात जे झडपेचं दार बसवतात ती उघाडी. ओहोटी लागली की आतलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं, भरती आली की बाहेरचं पाणी तीच झडप दाबून बंद करतं. गोव्यात खाजणांच्या बांधाला असंच दार असतं, त्याला मानस म्हणतात. माणूस झोपलेला असला तरी दार आपलं काम करतं. सॉल्टर्स लोडला मी बांधावर उभा राहिलो आणि समोर काय आहे हे मला कुणी सांगावं लागलं नाही. होड्यांची सोय वरची, मुळात ती एक थोरली उघाडी.

आणि ती एकटी नाही. तिच्यापासून हाकेच्या अंतरावर ओल्ड बेडफर्ड नदीचं दार आहे. नदीतून वरच्या अंगाला सुमारे अर्धा मैल गेलं की डेन्व्हर स्लूस, या सगळ्या मुलखाची मुख्य उघाडी. एवढ्याशा टापूत इतकी पाणी एकत्र येतात आणि प्रत्येकाच्या तोंडावर दार. हे सगळं इथेच का, हे कळायला चारशे वर्षं मागे जावं लागतं.

पूर्व इंग्लंडचा हा सखल भाग म्हणजे फेन्स. केंब्रिजशर, नॉर्फक, लिंकनशर असा पसरलेला, आपल्या हिशेबाने जवळपास चार हजार चौरस किलोमीटर. आतल्या डोंगराळ भागातल्या नद्या इथे येऊन पसरायच्या, समुद्र वरून ढकलायचा, आणि मधे वेत, लव्हाळा, दलदल. हजारो वर्षं ते वेत मरून पाण्याखाली साठत गेले, कुजायला हवा मिळाली नाही, त्याची झाली पीट नावाची काळी, स्पंजासारखी माती. तिथली माणसं या दलदलीवर जगत होती आणि त्यांचं बरं चाललं होतं. वाम मासे धरायचे, रानबदकं मारायची, वेत कापून छपरं शाकारायची, उन्हाळ्यात पाणी उतरलं की गुरं चारायची. उंच काठ्या पायाला बांधून दलदलीतून चालायची. ईली या शहराचं नावच ईल म्हणजे वाम माशावरून पडलं असं मानतात. 1086 साली राजाने देशाची मोजणी करवली, तिच्यात या भागातले खंड वाम माशांच्या आकड्यांत नोंदलेले आहेत. हिवतापाचा मात्र सुळसुळाट होता, आणि त्यावर घरोघर खसखशीच्या बोंडांचा काढा प्यायचे. अफूच म्हणा ना.

दरबारातल्या माणसाला ही जमीन कशी दिसली असेल? पडीक. 1630 साली बेडफर्डचा चौथा अर्ल फ्रान्सिस रसेल याने हा दक्षिणेचा पट्टा कोरडा करण्याचा विडा उचलला. पुढच्या वर्षी तेरा भागीदार मिळाले. पैसा घालणाऱ्या अशा लोकांना 'ॲडव्हेंचरर' म्हणत. साहस खरंच, पण भांडवलाचं. मोबदल्यात 95,000 एकर जमीन मिळायची होती, तिच्यातले 12,000 एकर राजाला. कामावर नेमला कॉर्नेलियस व्हर्म्युडन, हॉलंडच्या झीलंड प्रांतातला इंजिनिअर. पाण्यातून जमीन काढायची तर डच माणूस बोलवायचा, हे तेव्हाही ठरलेलं.

व्हर्म्युडनचा विचार सरळ होता, अक्षरशः सरळ. नदी वळणं घेत रेंगाळते म्हणून पूर येतो. मग तिला आखूड वाट द्या. एरिथपासून सॉल्टर्स लोडपर्यंत सुमारे 34 किलोमीटर लांब, 70 फूट रुंद, सुतासारखा सरळ कालवा 1637 मध्ये पुरा झाला. हीच ओल्ड बेडफर्ड नदी. त्याच वर्षी सरकारी पंचांनी निकाल दिला की काम झालं, जमीन कोरडी. हिवाळ्यात पुन्हा पाणी भरलं. दुसऱ्या वर्षी निकाल फिरवला. काम पुरं झाल्याचा दाखला आधी आणि पाणी नंतर, हा क्रम मला परिचयाचा वाटला. (हशा)

मग यादवी युद्ध आलं, राजाचं डोकं गेलं आणि 1649 मध्ये पार्लमेंटने नवा कायदा केला. या वेळी व्हर्म्युडनने पहिल्या कालव्याला समांतर दुसरा खणला, 1651 मध्ये. हा 100 फूट रुंद, म्हणून लोक त्याला हंड्रेड फूटच म्हणतात. दोन कालव्यांच्या मधे अर्ध्या-पाऊण मैलाचा पट्टा मोकळा सोडला. पूर आला की जादा पाणी या पट्ट्यात पसरू द्यायचं आणि नदी उतरली की सोडायचं. हे डोकं मला फार आवडलं. पाण्याला हाकलून लावतानाच त्याला बसायला एक ओटा ठेवला. आजही दर हिवाळ्यात तो पट्टा भरतो आणि आर्क्टिककडून आलेले हजारो हंस त्यात उतरतात. त्यांना वाटत असेल, जुनी दलदल अजून तशीच आहे.

खणलं कुणी? 1650 च्या सप्टेंबरात डनबारच्या लढाईत पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेल याने स्कॉटिश सैन्याचा पाडाव केला. त्यातले कैदी इथे फावडी घेऊन चिखलात उभे केले. पुढे इंग्लंड-हॉलंडचं समुद्री युद्ध जुंपलं, तेव्हा पकडलेले डच खलाशीही आले. डच इंजिनिअरने आखलेल्या कालव्यात डच कैदी. दलदलीवर जगणारे स्थानिक गप्प बसले नाहीत. रात्री येऊन बांध फोडायचे, दारं मोडायची, कामगारांना मारायचे. पुढे अशा लोकांना 'फेन टायगर' हे नाव पडलं. त्यांना दंगेखोर म्हणणं सोपं आहे, पण चराऊ रान, मासे आणि वेत यांवरचा सगळ्यांचा सामाईक हक्क एका फटक्यात चौदा जणांच्या वाट्यांत गेला, तर माणूस दुसरं काय करील? आपल्या खारेपाटात शेत पिकवणारा एक आणि धनी दुसरा, हा तिढा इतका चिघळला की 1933 पासून 1939 पर्यंत चरीच्या शेतकऱ्यांनी जमीन कसलीच नाही. तिथे बांध फोडले, इथे नांगर टाकले. बाकीची तुलना तुम्हीच करा.

आता डेन्व्हरचं दार. ते पहिल्यांदा 1651 मध्ये उभं राहिलं. ईलीकडून येणाऱ्या जुन्या नदीत भरतीचं आणि हंड्रेड फूटचं पुराचं पाणी शिरू नये, हे त्याचं काम. दाराच्या वरच्या अंगाला सुख झालं. खालच्या अंगाला किंग्ज लिन हे बंदर. तिथल्या व्यापाऱ्यांनी ओरड सुरू केली. पूर्वी भरतीचं पाणी आत कित्येक मैल जायचं आणि ओहोटीला त्याच जोराने परत येताना गाळ धुऊन न्यायचं. दार लावलं, पाण्याची ही येरझार तुटली, गाळ दाराच्या बाहेर बसायला लागला आणि जहाजांची वाट उथळ झाली. व्यापाऱ्यांचं म्हणणं चूक नव्हतं. खाडीच्या तोंडाशी आपण काहीही बांधलं तरी गाळ पहिल्यांदा तिथेच हजर होतो, हे मी नोकरीत पुन्हा पुन्हा पाहिलं. 1713 मध्ये वरून पुराचा लोंढा आणि खालून उधाण असं दोन्ही एकदम आलं आणि डेन्व्हरचं दार कोसळलं. लिनमध्ये आनंद झाला असणार. पस्तीस-छत्तीस वर्षं ते तसंच पडून राहिलं. भरती पुन्हा आत जाऊ लागली आणि वरची शेतं पुन्हा बुडू लागली. अखेर 1750 च्या सुमारास चार्ल्स लाबेल्यी याने ते पुन्हा बांधलं. मूळचा स्वित्झर्लंडचा हा इंजिनिअर म्हणजे लंडनचा वेस्टमिन्स्टर पूल बांधणारा. आज दिसतं ते दार 1834 चं, सर जॉन रेनीचं, नंतर वाढवलेलं.

इथपर्यंतची गोष्ट विजयाची वाटते. मला जे सांगायचं आहे ते यापुढे सुरू होतं. व्हर्म्युडनने पाणी काढलं, आणि पाणी काढल्यामुळे जमीन बसली.

पीट म्हणजे पाण्याने फुगलेला स्पंज. पाणी गेलं की तो आक्रसतो. त्यात हवा शिरली की इतकी हजार वर्षं न कुजलेला वेत कुजायला लागतो आणि माती चक्क हवेत विरते. वसंतात वारा सुटला की नांगरलेली काळी माती धुळीच्या लोटांनी उडते, कधी पेरलेल्या बियाण्यासकट. तिथे त्याला 'फेन ब्लो' म्हणतात. अशी चहूबाजूंनी जमीन खाली गेली. नद्यांच्या तळात मात्र पीट नाही, चिखल आणि गाळ आहे, तो बसत नाही. म्हणून नदी होती तिथेच राहिली आणि शेत तिच्याखाली गेलं. गाडीतून मला जे उलटं दिसलं ते याचं फळ. नदी वर चढलेलीच नाही.

शेतातलं पाणी आता उतारावरून आपोआप नदीत जाईना, ते उचलून टाकणं आलं. म्हणून पवनचक्क्या आल्या. पंख्यांनी वल्ह्यांचं एक मोठं चाक फिरवायचं आणि पाणी वर फेकायचं, आपल्या रहाटाच्या जातीचं. शेकड्यांनी चक्क्या उभ्या राहिल्या, जमीन अजून कोरडी झाली, म्हणून अजून बसली. एका चक्कीला उंची पुरेना, तेव्हा खालचीने वरचीला द्यायचं असा मामला. वारा पडला की सगळं ठप्प. मग वाफेची इंजिनं आली. हंड्रेड फूटच्या काठी 1830 मध्ये उभारलेल्या इंजिनघरावर पद्याच्या चार ओळी कोरल्या आहेत. मथितार्थ असा की पाण्याने वारंवार बुडणाऱ्या या मुलखाला विज्ञानाने पाण्यातच उपाय शोधून दिला, वाफेला कामाला लावलं आणि नाश करणाऱ्याच्याच हातून त्याचा नाश केला. काट्याने काटा काढला म्हणा. काटा निघाला, पण पाय रुततच गेला. वाफेनंतर डिझेल, डिझेलनंतर वीज. प्रत्येक नवा पंप जुन्यापेक्षा खोल पाणी ओढतो आणि पुढच्या पंपाची गरज स्वतःच तयार करून ठेवतो.

या बसण्याचा पुरावा कुठे पाहायचा असेल तर होम फेन नावाच्या ठिकाणी. शेजारी व्हिटल्सी मीअर हे दक्षिण इंग्लंडातलं अवाढव्य तळं होतं. 1851 मध्ये लंडनला जे मोठं प्रदर्शन भरलं, त्यात ॲपल्ड नावाच्या माणसाने नवा फिरत्या पात्यांचा पंप मांडला होता. त्याच पंपाने हे तळं उपसून टाकलं. जमीनदार विल्यम वेल्स शहाणा होता. जमीन किती बसेल हे मोजायला त्याने एक ओतीव लोखंडी खांब खालच्या घट्ट चिकणमातीपर्यंत रोवून घेतला, टोक जमिनीच्या बरोबरीला. लोक सांगतात, तो खांब त्या प्रदर्शनाच्या काचमहालातलाच. आज तो जमिनीच्या वर सुमारे चार मीटर उभा आहे. मी त्याच्या पायथ्याशी उभा राहिलो आणि मान वर करून पाहिलं. व्हिक्टोरिया राणीच्या वेळचा शेतकरी माझ्या डोक्यावरून, दोन पुरुष उंचीवरून चालत होता. आणि तिथली जमीन समुद्रसपाटीच्या पावणेतीन मीटर खाली गेलेली.

आणखी एक चमत्कार. जुन्या, कोरड्या पडलेल्या नद्यांचे तळ गाळाचे, ते बसले नाहीत. आजूबाजूचं पीट बसलं. म्हणून एके काळच्या नद्या आता शेतांमधून फिकट उंचवट्यांसारख्या वळत गेलेल्या दिसतात. त्यांना रॉडन म्हणतात. ईलीजवळच्या प्रिकविलोची घरं अशाच मेलेल्या नदीच्या पाठीवर आहेत, कारण भक्कम जमीन तेवढीच. रॉडन सोडून पिटावर बांधलेली घरं कलतात, दाराशी पायऱ्या वाढत जातात. नदी सुकली की तिच्या पात्रात घर बांधू नये, असं आपण सांगतो. तिथे नदीचं पात्रच सुरक्षित.

आपल्याकडे असं का होत नाही, असा प्रश्न मागच्या बाजूने आला. आपली खारजमीन चिखलाची आणि गाळाची आहे, पिटाची नाही. ती थोडी दबते, पण हवेत उडून जात नाही. आपला रोग वेगळा: बांधाकडे दुर्लक्ष. एक खांड पडली की खारं पाणी आत येतं, पुढची काही वर्षं भात नाही, मग तिवरं वाढतात, आणि मग ही शेती होती की खाडीची दलदल यावर कागद फिरत बसतात. पूर्वी सगळ्या गावाने मिळून बांध राखायचा अशी रीत होती. गोव्यात गावकरीची, पुढे कोमुनिदादची रीत तीच. फेन्समध्ये ही रीत मेली नाही, तिने फक्त कायद्याचे कपडे घातले. प्रत्येक टापूला ड्रेनेज बोर्ड आहे, जमीनवाल्यांकडून पाणी उपसण्याचा कर वसूल होतो आणि पंप चालतात. सॉल्टर्स लोडचं लॉक मिडल लेव्हल कमिशनर्स नावाच्या अशाच संस्थेकडे आहे. तिला स्वतंत्र कायद्याने रूप मिळालं 1862 मध्ये. त्याच वर्षी सेंट जर्मन्स इथलं तिचं समुद्राकडचं दार फुटलं आणि मैलोन्‌मैल शेतं खाऱ्या पाण्याखाली गेली. संस्थेची सुरुवातच खांडीने. त्याच सेंट जर्मन्सला आता सेकंदाला 100 घनमीटर पाणी उपसणारे पंप आहेत.

थोडं विषयांतर करतो. ओल्ड बेडफर्ड नदी किती सरळ आहे ते सांगितलं. 1838 मध्ये सॅम्युअल रोबॉथम नावाचा गृहस्थ तिच्या पाण्यात उतरला. डोळ्याला दुर्बीण, डोळा पाण्याच्या वीतभर वर. निशाण लावलेली होडी सहा मैल लांब वेल्नीच्या पुलापर्यंत जाताना त्याने पाहिली. पृथ्वी गोल असेल तर होडी वळणाखाली बुडायला हवी, बुडाली नाही, सबब पृथ्वी सपाट! पाण्यालगतच्या हवेत प्रकाश वाकतो, हे त्याने धरलंच नाही. 1870 मध्ये जॉन हॅम्डन नावाच्या त्याच्या अनुयायाने 500 पौंडांची पैज लावली आणि ती उचलली कुणी, तर आल्फ्रेड रसेल वॉलेसने, ज्याने डार्विनच्या बरोबरीने नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त मांडला त्याने. वॉलेस आधी जमीन-मोजणीदार होता. त्याने खुणा पाण्यापासून बऱ्याच उंच धरल्या, वक्रता दाखवली, पंचाने पैसे त्याला दिले. हॅम्डनने निकाल मानला नाही. वर्षानुवर्षं वॉलेसला शिव्यांची पत्रं लिहिली, त्यापायी तुरुंगात गेला, आणि पैज कायद्याने वसूल होत नाही या मुद्द्यावर पैसे मात्र परत मिळवले. खुळ्याशी पैज लावू नये हे वॉलेसला फार महागात कळलं. तो मुलूख पाहिल्यावर मला रोबॉथमबद्दल थोडी माया वाटली. तिथे जन्म काढला तर पृथ्वी सपाट वाटणारच.

सॉल्टर्स लोडकडे परत येऊ. लॉकच्या आत जो ओढा आहे, वेल क्रीक, तो पूर्वी मालवाहू होड्यांनी गजबजलेला. अपवेल, आउटवेल ही त्याच्या काठची लांबट गावं. वाटेत मलिकोर्टला तो एका पुलावरून जातो. पाण्याचा ओढा पुलावरून, आणि खालून दुसरा, खोल निचऱ्याचा मोठा नाला. 1921 चं हे बांधकाम. एक पाणी दुसऱ्या पाण्याला ओलांडून जातं आणि दोघांची भेट होत नाही. विसाव्या शतकात माल रस्त्यावर गेला, ओढा गाळाने आणि शेवाळाने भरला, तो बुजवून टाकावा असं बोललं जाऊ लागलं. काठच्या लोकांनी संस्था काढली, स्वतः चिखलात उतरले आणि 1975 मध्ये ओढा पुन्हा होड्यांना खुला झाला. आता तिथे माल जात नाही. हौसेने होडीत राहणारी, फिरणारी माणसं जातात. पण त्यांच्यामुळे लॉक चालू आहे.

1947 च्या मार्चमध्ये कडाक्याच्या हिवाळ्यानंतर बर्फ एकदम वितळलं, बांध फुटले आणि फेन्स पुन्हा तळं झालं. त्यानंतर जे मोठं काम निघालं आणि 1964 मध्ये पुरं झालं, त्यात डेन्व्हरपासून किंग्ज लिनपर्यंत नदीला समांतर नवा कालवा आणि मुलखाच्या पूर्व कडेने दुसरा, डोंगरी पाणी बाहेरच्या बाहेर वळवणारा. हा कडेचा कालवा व्हर्म्युडनने तीनशे वर्षांपूर्वी कागदावर मांडला होता, पण तेव्हा पैसे नव्हते. खात्यात फायली जपून ठेवाव्यात, त्या अशासाठी. आणि पुढची मौज ऐका. 1971 पासून त्याच कालव्यात गरजेनुसार पाणी उलटं फिरवून बोगद्यातून दक्षिणेला एसेक्सच्या जलाशयांकडे पिण्यासाठी पाठवतात. ज्या पाण्याला घालवायला चार शतकं खपली, ते आता मागून घेतात.

शेवटच्या खेपेचं सांगतो आणि थांबतो. डेन्व्हरच्या लॉकमधून एक लांबोडी होडी बाहेर पडली. तिला सॉल्टर्स लोड गाठायचं होतं. अंतर अर्ध्या मैलाचं, पण तेवढ्यात नदी समुद्राची असते. हा प्रवास भरतीच्या आगेमागेच करता येतो. ओहोटी फार उतरली की दाराशी गाळाचा उंबरा उघडा पडतो. होडी प्रवाहाबरोबर येते आणि लॉकचं तोंड बाजूला, अरुंद. नेमक्या क्षणी काटकोनात वळली नाही तर पाणी तिला तशीच पुढे नेतं. बाई सुकाणूवर होती, नवरा पुढे दोरी घेऊन उभा. वळताना होडीचं नाक भिंतीला घासलं, नवऱ्याने काहीतरी शब्द उच्चारला, बाईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि होडी आत आली. लॉकवाल्याने बाहेरचं दार लावलं. दाराच्या फटींतून पाण्याच्या बारीक पिचकाऱ्या आत उडत होत्या. मी नकळत त्या मोजत होतो, जुनी खोड.

लॉकवाल्याशी बोलायला लागलो. माझ्याकडे उघाडीचा फोटो होता, पेणकडचा, तो दाखवला. त्याने चश्मा लावून नीट पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "बाहेरून गाळ किती बसतो?" मी हाताने कमरेपर्यंत दाखवलं. त्याने मान हलवली. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अष्टमीला सहा वाजता. मी तिथे अष्टमी काढून हिशेब करून पाहिला, साफ चुकला. प्रत्येक बंदराची घटका वेगळी. त्याने भिंतीवरचा तक्ता दाखवला आणि म्हणाला, उद्या यायचं तर आजच्यापेक्षा पाऊण तास उशिरा ये.